कुलगुरू आपला झाला, विद्यापीठ कोणाचं?

(विद्यार्थी वसतिगृहातल्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले दोन-चार मुद्दे लिहिताना घातले आहेत. बाकी जसं बोललो तसं.)



तुम्ही मला विषय दिलाय, 'सार्वजनिक विद्यापीठातील प्रभावी नेतृत्व'. ऐकून आधी मला हसूच आलं. असले विषय मोठ्या हॉटेलातल्या कार्यशाळेत असतात. दोन दिवस एसी हॉल, हातात फाइल, नवं पेन, दुपारी जेवण आणि शेवटी सगळ्यांचा फोटो. नेतृत्व म्हणजे दूरदृष्टी, नेतृत्व म्हणजे वेळेचं नियोजन, असं कुणीतरी पडद्यावर दाखवतं. दाखवणाऱ्यानं तुमच्या मेसमधली पातळ डाळ कधी चाखलेली नसते.

पण जिना चढताना तुमची भिंत वाचली. निळ्या अक्षरात लिहिलंय, 'कुलगुरू आपलाच झाला पाहिजे!' तेव्हा विषय कुठून आला ते कळलं. आज मी त्या घोषणेवरच बोलणार आहे. घोषणा खोटी आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः ती दिलीय, घसा बसेपर्यंत दिलीय. पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी समजायला मला फार वर्षं लागली, आणि त्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच कुणीतरी मोजली. ते शेवटाकडे सांगतो.

आधी एक सांगा. विद्यापीठ बरं चाललंय की नाही, हे बघायचं कुठून? कुलगुरूंच्या दालनातून बघितलं तर सगळं झकासच दिसतं. भिंतीवर नॅकची श्रेणी, काचेच्या कपाटात ढाली, टेबलावर फुलं. मी म्हणतो, खिडकी क्रमांक चारपुढच्या रांगेतून बघा. तिथं उभ्या पोराचे प्रश्न चारच असतात. स्कॉलरशिप कधी येणार? निकाल कधी लागणार? होस्टेलात खोली मिळणार का? आणि माझ्यावर अन्याय झाला तर ऐकणारं कुणी आहे का? या चार प्रश्नांची उत्तरं वेळेवर मिळत असतील तर खुर्चीवरचा माणूस कामाचा. मिळत नसतील तर त्याला ऑक्सफर्डची पदवी असू द्या नाहीतर गळ्यात निळा पंचा असू द्या, आपल्या लेखी तो नापास.

निकालाचं उदाहरण घ्या, सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलेलं. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं ऐन परीक्षांच्या दिवसांत ठरवलं की सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या. १७ लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका. त्या स्कॅन करायच्या, मास्तरांनी पडद्यावर वाचायच्या. मास्तरांची तयारी झाली का, यंत्रणा पेलेल का, हे आधी बघायला नको? कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही हुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. २४ ऑक्टोबर २०१७ ला कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून काढलं.

आता बघा, यात दूरदृष्टीची कमतरता होती का? दूरदृष्टी भरपूर होती! जवळचं दिसत नव्हतं. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांनी वकील गाठले, पत्रकार गाठले. पण घरातली पहिली पदवी घेणारी चाळीतली पोरगी, जिला जुलैत मार्कशीट दाखवून नोकरीला लागायचं होतं, तिनं कुणाला गाठावं? कुलगुरू गेले. तिचे महिने काही परत आले नाहीत.

स्कॉलरशिपचंही तेच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही योजना १९४४ पासूनची. आपल्या दोन-तीन पिढ्या तिच्यावर शिकल्या. आज अर्ज महाडीबीटीवर भरायचा. सर्व्हर बंद, आधार जुळत नाही, कॉलेजच्या लॉगिनला अर्ज पडून. कारकून म्हणतो समाजकल्याणला विचारा, समाजकल्याण म्हणतं कॉलेजला विचारा. कॉलेज म्हणतं आधी फी भर, मग हॉल तिकीट. रोहित वेमुलाची फेलोशिप सात महिने थकलेली होती, आणि होस्टेलबाहेर काढलेली ती पाच पोरं उघड्यावर झोपत होती. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. थकलेली फेलोशिप ही हिशेबखात्याची किरकोळ बाब आहे असं ज्याला वाटतं, त्यानं विद्यापीठ चालवू नये.

दोस्तांनो, विद्यापीठाचं काम काय, हे आपल्याकडं कुणी आज शोधून काढायचं नाहीये. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी हेच दाखवलं की सरकारी तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या घामाचा आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्चशिक्षणावर. १९२४ साली मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीनं प्रश्नावली पाठवली तेव्हा बाबासाहेबांनी लेखी उत्तरं दिली. नुसत्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेला ते विद्यापीठ मानायला तयार नव्हते. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर ते बोलले. सर्वोच्च शिक्षण गरीब आणि गरजू माणसाच्या दारापर्यंत नेणं हे विद्यापीठाचं मूळ काम आहे, असं त्यांनी तिथं मांडलं, आणि सेनेटात मागासवर्गाला जागा मागितली. तेव्हा आपल्या समाजात पदवीधर किती होते? बोटावर मोजण्याइतके. तरी हा माणूस सेनेटात कोण बसतं ते बघत होता. कारण त्याला ठाऊक होतं, वर्गात काय घडणार ते सेनेटात ठरतं.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं, तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले. का? तर पोरगा दिवसा नोकरी करतो, त्याला दुपारी वर्गात बसणं परवडत नाही. १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, ज्याला आपण आज मिलिंद म्हणतो. निजामाच्या राज्यात पिचलेल्या मराठवाड्यातली पोरं पायात वहाण नसताना तिथं आली, होस्टेलात राहिली, शिकली. नेतृत्व कशाला म्हणायचं ते यात आलं. विद्यार्थ्याच्या घड्याळावर कॉलेजचं घड्याळ लावायचं.

आता खुर्चीकडं येऊ. आपल्या राज्यात ती भरते कशी? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६. हा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. राज्यपाल हे कुलपती. शोध समिती पाच नावं काढते, कुलपती त्यातलं एक निवडतात. २०२१ च्या डिसेंबरात तेव्हाच्या राज्य सरकारनं कायद्यात बदल केला. सरकार दोन नावं पाठवील, आणि खात्याचा मंत्री प्र-कुलपती होईल. विधेयक मंजूर झालं, २०२२ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारनं ते मागं घेतलं. पेपरात रोज भांडण. नाव राजभवनातून यावं की मंत्रालयातून, यावर. त्या पाचाच्या यादीत आपलं नाव का नसतं, यावर आपण तरी भांडलो का?

यादीत यायला काय लागतं? विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम काढून वाचा. विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान १० वर्षं, नाहीतर नावाजलेल्या संशोधन किंवा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेत १० वर्षं. ठीक. आता मागं मागं या. प्राध्यापक व्हायला आधी सहयोगी प्राध्यापक व्हावं लागतं. त्याच्या आधी सहायक प्राध्यापक. आणि सहायक प्राध्यापकाच्या जागेची जाहिरातच निघत नाही! जागा वर्षानुवर्षं रिकामी, आणि तिच्यावर तासिका तत्त्वावरचा माणूस. नेट झालेला, पीएच. डी. झालेला आपला पोरगा तासावर शिकवतो, दिवाळीत घरी बसतो, उन्हाळ्यात घरी बसतो. वय जातं. लग्न राहतं. हा पोरगा २५ वर्षांनी कुलगुरूंच्या यादीत येणार कुठून? खुर्चीची लढाई खुर्चीपाशी लढताच येत नाही, मित्रांनो. ती २५ वर्षं आधी, बिंदुनामावलीच्या रजिस्टरात हरलेली असते.

बिंदुनामावली म्हणजे रोस्टर. शब्द रुक्ष आहे, पण आमच्या पिढीनं कवितेइतका याचा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं. हिशेब सांगतो. केंद्रीय विद्यापीठांत एक १३ बिंदूंचं रोस्टर होतं. चौथी जागा ओबीसीची, सातवी अनुसूचित जातीची, चौदावी अनुसूचित जमातीची. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं निकाल दिला की आरक्षण मोजताना अख्खं विद्यापीठ धरू नका, एकेक विभाग धरा. मार्च २०१८ मध्ये आयोगानं तसा आदेश काढला. आता डोकं चालवा. समजा एका विद्यापीठात ५० विभाग आहेत आणि प्रत्येकात ६ जागा. एकूण ३०० जागा. विद्यापीठ धरून मोजलं तर १५ टक्क्यांनी अनुसूचित जातीच्या होतात ४५. विभाग धरून मोजलं तर? सातवी जागा कुठल्याच विभागात नाही. म्हणजे शून्य. कुणी शिवी दिली नाही, कुणी विटाळ मानला नाही, कुणी आरक्षण रद्द केलं नाही. नुसती मोजायची पद्धत बदलली आणि ४५ माणसं कागदावरून पुसली गेली. मनूला हे सुचलं नसतं!

जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाच्या निकालात हात घातला नाही. पोरं आणि मास्तर रस्त्यावर उतरले. ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला. ७ मार्चला सरकारला अध्यादेश काढावा लागला, आणि जुलैत केंद्रीय शैक्षणिक संस्थांसाठी कायदा झाला. विद्यापीठ पुन्हा एकक झालं. या लढ्यात पुढं कोण होतं? ज्यांना रोस्टर वाचता येत होतं आणि मोर्चाही काढता येत होता, ते. माझ्या हिशेबी त्या दोन वर्षांत देशातल्या विद्यापीठांचं नेतृत्व त्यांनी केलं. खुर्चीवरचे बहुतेक जण वरून आदेश येण्याची वाट बघत होते.

नामांतराचं तुम्हाला काय सांगू? मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेनं १९७७ साली ठराव केला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. कायदेशीर माणसानं म्हणावं, झालं की काम! पण ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेंना मारलं. सरकार मागं सरलं. १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ठरावापासून साडेपंधरा वर्षं. खुर्चीनं ठराव केला होता, पण तो खरा करून दाखवला वस्तीनं.

आता कडू बोलतो. दर १४ जानेवारीला आपण विद्यापीठ गेटवर जातो, डोकं टेकवतो, डोळे भरून येतात. यायलाच पाहिजेत. पण १५ जानेवारीला आत जाऊन, अमुक विभागात किती जागा रिकाम्या आहेत, असं विचारणारे आपण किती? नाव बाहेर कोरायला रक्त लागलं. आतलं रजिस्टर वाचायला नुसता अर्धा दिवस लागतो, आणि तो आपल्याला मिळत नाही.

'आपला माणूस' या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. मिलिंदच्या उभारणीच्या काळात प्राचार्य कोण होते? म. भि. चिटणीस. जन्मानं आपले नव्हते. बाबासाहेबांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. त्यांनी पोरांसाठी 'युगयात्रा' नाटक लिहिलं, पोरांनी ते रंगमंचावर आणलं. ते आपले होते की नव्हते? उलट बाजूची गोष्ट माझी स्वतःची आहे. तीच सांगायची राहिलीय.

एका विद्यापीठात मी नोकरीला होतो. नाव महत्त्वाचं नाही, असं कुठंही घडतं. तिथं खुर्चीवर आपला माणूस आला. आम्ही लेझीम लावून मिरवणूक काढली. माझी आई तेव्हा जिवंत होती, तिनं गावाकडून पेढे पाठवले. तिला वाटलं पोराचंच काहीतरी झालं. खोटं नाही सांगत, त्या दिवशी मीसुद्धा गेटमधून वेगळ्या चालीनं आत गेलो.

दुसऱ्या वर्षी एका मुलीचा अर्ज आला. संशोधक विद्यार्थिनी, आपल्यातलीच. गाइड सहामाही अहवालावर सही करत नाही, त्यामुळं फेलोशिप अडकलीय, आणि चारचौघांत जातीवरून बोलतो. चौकशी समिती नेमली. पाच जण. मागासवर्गीय प्रतिनिधी म्हणून मी. आम्ही तिला दोनदा बोलावलं. ती तारीखवार वही घेऊन आली होती. कुठल्या दिवशी काय बोलला, कोण हजर होतं, सगळं लिहिलेलं. मला तेव्हाच कळलं होतं की ती खरं बोलतेय.

मग मला दालनात बोलावणं आलं. चहा आला. साहेब म्हणाले, 'सर, पोरीचं खरं असेल, मी नाही म्हणत नाही. पण पुढच्या महिन्यात नॅकची समिती येतेय. आत्ता बोभाटा झाला तर ते म्हणतील, बघा, यांच्या हाती दिलं की असं होतं. आपलं माणूस इथं पहिल्यांदा बसलंय. जरा सांभाळून घ्या.'

मी सांभाळून घेतलं. 'सदर प्रकार गैरसमजातून घडला असून उभयतांचे समुपदेशन करण्यात यावे.' त्या ओळीखाली माझी सही आहे. निळ्या शाईत.

नॅकची समिती आली, चांगली श्रेणी मिळाली, पुन्हा पेढे वाटले. विद्यापीठाच्या व्याख्येनं आमचं नेतृत्व एकदम प्रभावी ठरलं. ती मुलगी काही दिवसांनी माझ्याकडं आली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, 'सर, अहवालाची एक प्रत मिळेल का?' मी म्हणालो, 'गोपनीय आहे.' ती 'बरं' म्हणाली आणि गेली. पीएच. डी. तिनं सोडली. पुढं काय झालं मला माहीत नाही. विचारायचं तोंडही उरलं नव्हतं.

दोस्तांनो, साहेब वाईट होते असं मी सांगत नाही. भ्याले होते. मीही भ्यालो होतो. खुर्चीवर आपला एकटाच असतो तेव्हा त्याला अख्ख्या समाजाच्या अब्रूचं ओझं वाटतं, आणि ते ओझं तो आपल्याच पोरीच्या पाठीवर उतरवतो. त्याला ताठ ठेवायचं असेल तर बाहेर कुणीतरी उभं राहून विचारायला पाहिजे, 'साहेब, त्या अहवालाचं काय झालं?' आम्ही लेझीम खेळणारे शेकड्यांनी होतो. हे विचारणारा एक नव्हता. तो मी असायला पाहिजे होतो.

आयोगाचे समतेचे नियम २०१२ पासूनचे. समान संधी कक्ष, भेदभावविरोधी अधिकारी, सगळं कागदावर. तरी २०१६ साली रोहित गेला. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया सुप्रीम कोर्टात गेल्या, हे नियम अमलात आणा म्हणून. पोरं गमावलेल्या आयांनी विद्यापीठांना त्यांचं काम सांगायचं!

आता तुम्ही म्हणाल, करायचं काय? मोठ्या गोष्टी सांगत नाही, याच महिन्यात करता येतील अशा सांगतो.

एक. पदवीधर झालेल्या प्रत्येकानं अधिसभेच्या मतदारयादीत नाव घालायचं. अधिसभा म्हणजे जुनं सेनेट. नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागा निवडणुकीनं भरतात. त्यात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके विमुक्त, ओबीसी आणि महिला यांना एकेक राखीव. नोंदणी नसेल तर मत नाही. आणि निवडणूक होईलच या भरवशावर झोपायचं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई विद्यापीठाची अधिसभेची निवडणूक रातोरात स्थगित झाली, ती झाली सप्टेंबर २०२४ मध्ये. विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढं येतो. तिथं आपला सभासद असला तर तो विचारू शकतो, होस्टेलच्या दुरुस्तीला ठेवलेला पैसा गेला कुठं.

दोन. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. विभागवार मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिका तत्त्वावर किती, बिंदुनामावली शेवटची कधी तपासली, हे चार प्रश्न टाका. ही बिंदुनामावली विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. उत्तर आलं की या भिंतीवर चिकटवा. घोषणेच्या शेजारीच.

तीन. तक्रार तोंडी करायची नाही. लेखी द्यायची, पोच घ्यायची, तारखा वहीत लिहायच्या. आणि तक्रार करणाऱ्याला एकटं पाठवायचं नाही. चार जणांनी बरोबर जायचं, पाचव्यानं बाहेर थांबायचं.

कुणी म्हणेल, हे कारकुनी काम झालं, क्रांती कुठंय? अरे, आपल्याला लुटलंय ते कारकुनी कामानंच! रस्ता सोडा असं मी कधीच सांगणार नाही. रस्ता सोडला असता तर नामविस्तारही झाला नसता आणि रोस्टरही परत आलं नसतं. पण रस्त्यावर ओरडताना खिशात रजिस्टरची झेरॉक्स असली की पोलिसापासून कुलगुरूंपर्यंत सगळे नीट ऐकतात.

तुमची भिंतीवरची घोषणा पुसू नका. कुलगुरू आपला झाला पाहिजे, झालाच पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी सेनेटात जागा मागितली होती, ती मागणी अजून संपलेली नाही. फक्त खाली एक ओळ वाढवा, 'आणि त्याला रोज जाब विचारला पाहिजे.' तो जन्मानं आपला असला तर जास्तच.

उद्या सकाळी साडेदहाला तुमच्यातले चार जण माझ्याबरोबर चला. माहिती अधिकाराचे अर्ज मी लिहून आणलेत, दहा-दहा रुपयांची तिकिटंही लावलीत. आणि त्यात एक अर्ज माझ्या नावाचा आहे. त्या चौकशी समितीच्या अहवालाची प्रत मी मागितलीय. मिळाली तर जिची आहे तिला शोधून देणार आहे. उशीर झालाय, मला माहीत आहे.

जयभीम.